आधी घड्याळ घेऊन मागापाशी उभी राहा

प्रश्न असा आला: "मी सोलापुरात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, मागांची देखभाल बघतात. मला कॉम्प्युटर सिम्युलेशनमध्ये काम करायचं आहे. पुण्यातला एक क्लास सहा महिन्यांचे पंच्याऐंशी हजार सांगतो आणि नोकरीची हमी देतो. कोणतं सॉफ्टवेअर शिकू? संशोधनाकडे जाऊ की नोकरीकडे? आणि सोलापुरात राहून यातलं काही होतं का?"

तू माझ्या पुतणीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करतो, राग मानू नकोस. मीही अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या खटखटाटात वाढलो. नंतर एकोणीस वर्षं पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांचं विश्लेषण केलं. आता जुळे सोलापुरातल्या घरून तेच काम करतो आणि महिन्यातून दोनदा हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन येतो.

सॉफ्टवेअरचा प्रश्न तू सगळ्यात आधी विचारलास, मी तो मागे ठेवतोय. मुलाखती घ्यायला बसलो की समोरच्या पोरानं बायोडेटात दहा-बारा सॉफ्टवेअरची नावं लिहिलेली असतात. "ही पट्टी दहा किलो वजनानं साधारण किती वाकेल?" म्हटलं की तो छताकडे बघतो. तू तशी होऊ नयेस म्हणून सुरुवात वडिलांच्या कारखान्यातून करू.

एका विणकरानं किती माग सांभाळावेत, हा वाद सोलापुरात कारखान्याकारखान्यात ऐकू येतो. समज, एक माग सरासरी ३० मिनिटं चालतो आणि मग धागा तुटतो. तो जोडून माग परत सुरू करायला विणकराला सरासरी ४ मिनिटं लागतात. हे आकडे मी सोयीसाठी धरलेत, खरे तू मोजणार आहेस. कागदावरचं गणित सोपं दिसतं: ३४ मिनिटांतली ३० मिनिटं माग चालतो, म्हणजे ८८ टक्के. मग माग चार असोत की आठ, प्रत्येकाचे ८८ टक्केच. मालक म्हणणार, द्या की आठ एकाला!

पण धागे विणकराची सोय बघून तुटत नाहीत. एक जोडत असतानाच पलीकडचा तुटतो आणि विणकर मोकळा होईपर्यंत तो माग गप्प उभा राहतो. हे थांबणं त्या ८८ मध्ये कुठंच धरलेलं नाही. ते पकडायचं तर प्रत्येक मागाला संगणकात स्वतःचं घड्याळ द्यायचं, धागा कधी तुटेल ते रँडम आकड्यांवरून ठरवायचं, एकच विणकर ठेवायचा आणि पाळ्यांमागून पाळ्या चालवायच्या. पायथनमध्ये सिमपाय नावाची फुकट लायब्ररी आहे, तिच्यात हे चाळीसेक ओळींत बसतं. उत्तर येतं ते असं: चार मागांना ८४ टक्के, सहांना ८०, आठांना ७४. विणकराचे हात कामात असतात ते अनुक्रमे ४५, ६४ आणि ७९ टक्के वेळ. म्हणजे सहाचे आठ केले तर वाढवलेल्या दोन मागांपोटी सव्वा मागाचंही उत्पादन पदरात पडत नाही. (हा निकाल आधी वडिलांना दाखव. मालक त्यातला "आठ" वाचेल, विणकर "७९" वाचेल. बारा तासांच्या पाळीत ते साडेनऊ तास होतात.)

आता यातली खरी मेख. वर दिलेले आकडे मी प्रोग्राम चालवून काढलेले नाहीत, सूत्रानं काढलेत. याला मशीन इंटरफिअरन्सचा प्रश्न म्हणतात. तुटण्याचा आणि जोडण्याचा असे दोन्ही वेळ घातांकी वितरणाचे (छोटे वेळ पुष्कळ, लांबलचक विरळ) धरले तर त्याचं बंदिस्त सूत्र मिळतं, रांगांच्या गणिताच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. तुझा प्रोग्राम आधी तसाच चालव. शंभर-दोनशे पाळ्यांची सरासरी सहा मागांना ८०च्या आसपास आली पाहिजे. ७१ आली तर प्रोग्रामात काहीतरी चुकलंय. जुळलं, की मगच सूत्राच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टी आत घाल: कांडी संपणं, जेवणाची सुट्टी, नवा आणि मुरलेला विणकर, कुरबुर करणारा एखादा जुना माग. सिम्युलेशनची गरज तिथून सुरू होते. सूत्रानं भागत असेल तिथं सिम्युलेशन करणं म्हणजे नव्या पेठेत जायला विमानाचं तिकीट काढणं.

आणि मोजमाप. चार दिवस घड्याळ आणि वही घेऊन मागांपाशी उभी राहा. माग कधी थांबला, का थांबला, विणकर कधी पोचला, कधी सुरू झाला, एवढे चारच रकाने. सुती धागा दमट हवेत जास्त ताकद धरतो, कोरड्या हवेत तुटण्याचं प्रमाण वाढतं. त्यामुळे एप्रिलातल्या आणि ऑगस्टातल्या नोंदी एकत्र कालवू नकोस. पुण्या-मुंबईच्या मुलांना असा जिवंत डेटा मिळवायला परवानग्यांचे कागद नाचवावे लागतात. तुला डबा द्यायला गेलं तरी मिळेल.

ही रँडम आकड्यांची युक्ती आली तीसुद्धा मजेशीर वाटेनं. १९४६ साली गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम आजारपणातून उठत होते आणि वेळ घालवायला एकट्यानं पत्ते खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता गणितानं काढता येईना, तेव्हा त्यांना वाटलं, शंभर डाव खेळून मोजले तर? जॉन फॉन नॉयमान यांनी तीच कल्पना उचलून एनिॲक संगणकावर न्यूट्रॉनांच्या हिशोबाला लावली. मोंटे कार्लो पद्धत म्हणतात ती ही.

मागाचं सिम्युलेशन हा एक प्रकार झाला, घटनांचा. मेकॅनिकलवाल्यांना नोकरी देणारा मोठा प्रकार दुसरा: वस्तूचे बारीक तुकडे (एलिमेंट) करून, त्यांची जाळी मांडून ताण, उष्णता, प्रवाह काढायचा. त्यासाठीही आधी एक घरगुती प्रयोग कर. ५० मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी घे. लेथच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये व्हाइसमध्ये घट्ट धर, अर्धा मीटर बाहेर राहू दे. टोकाला १० किलो टांग आणि आधी-नंतरच्या उंचीतला फरक मोज. हातानं काढलेलं उत्तर ४.९ मिलिमीटर आहे. प्रत्यक्षात थोडं जास्तच भरेल, कारण व्हाइस काही भिंतीसारखी अचल नसते, तीही किंचित देते. मग तीच पट्टी संगणकात बनव. जाडीत एकच साधा चौपृष्ठी एलिमेंट घातलास तर उत्तर पाचाच्या कितीतरी खाली येईल, पट्टी उगाच ताठ वाटेल. एलिमेंट दुसऱ्या ऑर्डरचे (ज्यांच्या कडा वाकू शकतात असे) कर, जाळी बारीक कर, उत्तर ४.९ कडे सरकेल. या एका दुपारी तुला तीन वेगवेगळ्या चुका दिसतील: सूत्रानं गृहीत धरलेलं, जाळीनं बिघडवलेलं आणि व्हाइसनं फसवलेलं. क्लासमध्ये सहा महिन्यांत त्यातली एक दाखवली तरी नशीब.

माझं स्वतःचं सांगतो. पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात एका ब्रॅकेटची नैसर्गिक कंपनसंख्या काढायला दिली होती. यातली बरीच सॉफ्टवेअर एककं विचारत नाहीत, आकडे मुकाट घेतात. मी लांबी मिलिमीटरमध्ये, बल न्यूटनमध्ये घेतलं. म्हणजे घनता टनात द्यायला हवी होती, मी दिली किलोग्रॅममध्ये. हजाराची चूक, आणि कंपनसंख्या घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून उत्तर साडेएकतीस पटींनी घसरलं. १२० हर्ट्झच्या जागी ३.८. चित्र मात्र काय सुंदर आलं होतं, लाल-पिवळं-निळं! साहेबांनी एकदाच बघितलं आणि विचारलं, "हे ब्रॅकेट आहे का झोपाळा?" त्या दिवसापासून प्रत्येक मॉडेलचं वजन आधी काढतो आणि तराजूवरच्या वजनाशी ताडतो. तेवढ्या एका सवयीनं निम्म्या चुका दारातच अडतात.

माझी चूक टेबलावरच सापडली. नॉर्वेत स्लाइपनर-ए या समुद्रातल्या तेल-वायूच्या फलाटाची सापडली नाही. २३ ऑगस्ट १९९१ रोजी त्याचा काँक्रीटचा पाया स्टाव्हँगरजवळच्या फियोर्डमध्ये चाचणीसाठी खाली उतरवत होते. ६५ मीटर खोलीला एक भिंत फुटली आणि सगळं धूड तळाला गेलं. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं. चौकशीत निघालं की फायनाइट एलिमेंटच्या मॉडेलमध्ये नेमक्या त्या सांध्यापाशी जाळी ओबडधोबड होती आणि कातरताण ४७ टक्क्यांनी कमी आला होता. त्या कमी ताणावर भिंत बेतली, सळई कमी पडली. नंतर नीट जाळी घेऊन गणित केलं तर फुटण्याची खोली आली ६२ मीटर. म्हणजे पद्धत चोख होती, जाळी तपासायचं राहिलं होतं.

आता साधनं, थोडक्यात. ताण-वाकणासाठी फ्रीकॅड आणि त्याच्या आतलं कॅल्क्युलिक्स. प्रवाहासाठी ओपनफोम, चित्रं बघायला पॅराव्ह्यू. घटनांसाठी सिमपाय. यंत्रणा जोडून बघायला ओपनमॉडेलिका. वाहतुकीसाठी सुमो, सात रस्त्यावरचे सिग्नल त्यात मांडून बघ, गंमत येते. केमिकलवाल्या मैत्रिणीला डीडब्ल्यूसिम सांग. हे सगळं फुकट आणि कायदेशीर आहे. आयआयटी मुंबईचा मुक्त सॉफ्टवेअरचा फॉसी प्रकल्प यातल्या बऱ्याच साधनांसाठी विद्यार्थ्यांकडून कामं करून घेतो आणि फेलोशिपही देतो. स्पोकन ट्युटोरियलचे काही पाठ मराठीतही आहेत. कंपन्यांत चालतात ती अॅन्सिस, अबॅकस, एलएस-डायना, हायपरमेश, स्टार-सीसीएम वगैरे. त्यातल्या काहींच्या विद्यार्थी आवृत्त्या मर्यादित आकाराच्या मॉडेलसाठी फुकट मिळतात, तेवढ्यावर एक घे. नवी पेठेतल्या पेनड्राइव्हवरची क्रॅक कॉपी घेऊ नकोस. ती बऱ्याचदा इंटरनेटवरून मूळ कंपनीला स्वतःची खबर देते, आणि पुढे नोकरीच्या लॅपटॉपवर तसलं काही निघालं तर सामान आवरायला लावतात. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. उबुंटू (लिनक्स) मात्र शीक, त्याला पर्याय नाही.

यातलं एक सूत्र तू रट्टा मारून नाही, समजून घे, कारण नोकरी आणि संशोधन दोन्हीकडे तेच भेटतं. १९२८ साली कूरंट, फ्रीडरिख्स आणि लेवी यांनी मांडलं: गणितातलं एक पाऊल एवढं छोटं हवं, की त्या वेळात लाट जाळीतल्या एका घरापलीकडे जाता कामा नये. लोखंडातून धक्क्याची लाट सेकंदाला साधारण पाच हजार मीटर जाते. गाडीच्या मॉडेलमध्ये एलिमेंट ५ मिलिमीटरचा असेल तर पाऊल निघतं एका मायक्रोसेकंदाचं. धडक चालते सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे एक लाख पावलं. एखाद्या पोरानं घाईत एक एलिमेंट अर्धा मिलिमीटरचा ठेवला, की तेवढ्या एकासाठी सगळ्या गाडीचं पाऊल दहापट लहान होतं आणि रात्रीत संपणारं काम चार-पाच दिवस रेंगाळतं.

हेच पावसाला लागू आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टिम ही हवामान अंदाजाची यंत्रणा मे २०२५ मध्ये सुरू झाली, तिची जाळी ६ किलोमीटरची आहे, आधीची १२ ची होती. सोलापूर जिल्हा साधारण १४,९०० चौरस किलोमीटरचा. आधी तो शंभरेक चौकटींत बसायचा, आता चारशेच्या वर लागतात. चौकट निम्मी झाली की पाऊलही निम्मं करावं लागतं, म्हणजे हिशोब आठपट. त्यासाठीच २०२४ मध्ये तिथं ११.७७ पेटाफ्लॉप्सचा (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं) अर्का महासंगणक बसवला.

पावसाचा विषय निघालाच आहे तर संशोधनाचं इथंच बोलू. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरवर विमानं घिरट्या घालत होती, आठवतं? तू शाळेत असशील. लोक म्हणायचे पाऊस पाडायला आलेत, आणि पडला नाही की त्यांनाच शिव्या. तो आयआयटीएमचा कायपीक्स प्रयोग होता. सोलापूर पर्जन्यछायेत येतं म्हणून जागा इथली निवडली. ढगांत कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले, रडार आणि पर्जन्यमापकांनी मोजलं. २०२३ मध्ये निकाल छापून आले, त्यात वाऱ्याच्या दिशेला शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी १८ टक्के वाढ दिसली. आता विचार कर, कण सोडले नसते तर त्या ढगातून किती पडला असता? तो ढग परत येत नाही. म्हणून सोडलेले आणि न सोडलेले असे बरेच ढग घेऊन तुलना करायची, आणि जोडीला तोच ढग संगणकात दोनदा चालवायचा, एकदा कणांसह, एकदा कणांविना. प्रत्यक्षात जे दोनदा करता येत नाही ते करून बघणं, संशोधनातलं सिम्युलेशन मोठं झालं ते या कारणानं.

असं काम करायचं असेल तर गेट दे आणि एमटेक किंवा पीएचडीचा रस्ता धर. बंगळूरच्या आयआयएस्सीत संगणकीय आणि डेटा विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात आयआयटीएम, रेणूंच्या सिम्युलेशनसाठी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), महासंगणकांसाठी सी-डॅक. १९९१ चा परम ८००० सी-डॅकचाच. संशोधनात पाच-सहा वर्षं हातात जेमतेम पैसे असतात हे घरी आधीच सांग. वडिलांच्या पगारावर धाकटी भावंडं शिकत असतील तर दोन वर्षं नोकरी करून मग जाण्यात काही कमीपणा नाही. माझ्या ओळखीतले दोघे तसेच गेले आणि नोकरीत मोजमापाची सवय लागल्यानं तिथं पुढेच राहिले.

नोकऱ्यांचं बाजारपेठेचं गाव पुणेच, मग बंगळूर, चेन्नई. वाहनं, ट्रॅक्टर, इंजिनं, बॅटरी थंड ठेवणं, आवाज-कंपन आणि धडक. ऑक्टोबर २०२३ पासून गाड्यांच्या सुरक्षेला भारत एनकॅपचे तारे द्यायला सुरुवात झाली. ताशी ६४ किलोमीटरनं गाडी आपटून बघण्याआधी कंपनी ती संगणकात शेकडो वेळा आपटते, त्यामुळे धडकेचं काम वाढलंय. सुरुवातीला बहुतेकांच्या वाट्याला जाळी विणायचं काम येतं, दिवसभर नुसतं हायपरमेश. ते काम आता आपोआप व्हायला लागलंय आणि आणखी होईल, म्हणून फक्त जाळी शिकवणाऱ्या क्लासवर माझा राग आहे. एआयनं सिम्युलेशनच संपेल असंही कुणी सांगेल. ती मॉडेलं शिकतात कशावर, तर आधी केलेल्या हजारो सिम्युलेशनांवर. उत्तर चुकलंय हे ओळखणाऱ्याची गरज तिथंही आहेच.

मुलाखतीत मी काय विचारतो, फुकटात सांगून टाकतो. टोकदार कोपऱ्यात जाळी बारीक करत गेलं की ताण वाढतच जातो, थांबत नाही, मग खरा ताण कोणता? (गणितात तिथं ताण अनंत आहे, कोपऱ्याला गोलाई दे किंवा जरा बाजूचा ताण वाच.) आधारांवरच्या प्रतिक्रियांची बेरीज लावलेल्या बलाएवढी आली का, पाहिलंस? प्रवाहाच्या मॉडेलमध्ये भिंतीलगतचा वाय-प्लस (भिंतीपासून पहिलं घर किती जवळ आहे याचं माप) किती ठेवलास आणि का? आणि शेवटी: तुझं उत्तर तू कशाशी ताडून बघितलंस? शेवटच्या प्रश्नाला "सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात चार दिवस उभी राहून" असं उत्तर आलं, तर मी पुढचे प्रश्न विचारणारच नाही.

सोलापुरात काय होतं? कमी होतं, पण होतं. कॅमशाफ्ट बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी इथलीच. शिवाय जिल्ह्यात ओतकाम करणारे छोटे-मोठे कारखाने आहेत. ओतलेला धातू कुठे शेवटी गोठतो आणि पोकळी कुठे पडते, हे आधी संगणकात बघता येतं. आयआयटी मुंबईत त्यासाठी ऑटोकास्ट नावाचं सॉफ्टवेअर घडलं. छोट्या फाउंड्रीच्या मालकाला "सिम्युलेशन" म्हणून सांगायला गेलीस तर चहा पाजून वाटेला लावेल. त्याला विचार, "तुमच्याकडे महिन्याला भंगारात किती नग जातात?" मग तोच खुर्ची पुढे ओढेल. साखर कारखान्यांतही तसंच, वाफेचा हिशोब हा त्यांचा दुखरा दात आहे.

क्लासचे पंच्याऐंशी हजार तूर्त भरू नकोस. "नोकरीची हमी" लेखी मागितलीस की त्यातलं अर्धं धुकं तिथंच विरेल. त्या पैशांतले पन्नास-पंचावन्न लॅपटॉपला लाव, दीड-दोन हजारांत डायल गेज (पट्टीचं वाकणं मोजायला) आणि बरी स्टॉपवॉच येते. बाकी वडिलांकडे परत दे. गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीपर्यंत मागाची वही आणि पट्टीचं गणित संपव. ओपनफोमला त्याच्या आधी हात लावू नकोस. आणि वडिलांना विचार, त्यांच्या खात्यातल्या कुठल्या मागाचा धागा सगळ्यात जास्त तुटतो. जॉबरला ते न मोजताच ठाऊक असतं. तुझ्या वहीत दुसराच माग निघाला तर आधी वही तपास.